मालवणचा लायनफिश मारावा का? बेटांभोवतीच्या समुद्रातील परकीय जीवांविषयी

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आला आहे. विचारणारे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. सुटीत मित्रांबरोबर मालवणला स्कुबा डायव्हिंगसाठी गेले असता सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत त्यांना लायनफिश हा पट्टेदार, विषारी काट्यांचा मासा दिसला. कॅरिबियन बेटांभोवती हाच मासा आक्रमक परकीय ठरवून भाल्यांनी मारला जातो, असे त्यांनी वाचले होते. म्हणून त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: मालवणातही तो मारायला हवा का, परकीय जीवांचा उपद्रव बेटांभोवतीच इतका का जाणवतो, आणि घाटाच्या वर राहून घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवणाऱ्याचा या साऱ्याशी काही संबंध पोहोचतो का. सागरी सर्वेक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्याने या प्रश्नांना जरा सविस्तर उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: मारू नये. लायनफिशच्या प्रजाती मूळच्या हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्याच आहेत, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरील खडकांत तो दिसणे स्वाभाविक आहे. मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, आणि अभयारण्यात हौसेखातर भाला चालवणे कायद्यातही बसत नाही. तरीही केवळ 'तो आपला आहे म्हणून सोडा' एवढ्यावर हा विषय संपत नाही. एकच मासा एका समुद्रात निरुपद्रवी आणि दुसऱ्या समुद्रात विध्वंसक का ठरतो, हे कळले की उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

अटलांटिकमध्ये लायनफिशची पहिली नोंद १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर झाली. १९९२ च्या अँड्र्यू वादळात एका घरातील मत्स्यटाकी फुटली आणि तेथून हे मासे समुद्रात पसरले, ही कथा फार लोकप्रिय आहे. पण नोंद वादळाच्या सात वर्षे आधीची असल्याने उगमाची कथा म्हणून ती टिकत नाही. टाकीत वाढून डोईजड झालेले मासे पाळणाऱ्यांनीच समुद्रात सोडले असावेत, हेच अधिक संभवनीय मानले जाते. पुढची जवळपास वीस वर्षे फारसे काही घडले नाही असे वाटत होते. २००४ साली तो बहामा बेटांवर दिसला आणि त्यानंतर काही वर्षांतच संपूर्ण कॅरिबियन समुद्र त्याने व्यापला. बहामातील लहान प्रवाळखडकांवर केलेल्या प्रयोगात, लायनफिश असलेल्या खडकांवर नव्याने वस्तीला येणाऱ्या स्थानिक पिल्लांची संख्या पाच आठवड्यांत ७९ टक्क्यांनी कमी भरली. मादी वर्षाला सुमारे वीस लाख अंडी सोडू शकते. मासा तीनशे मीटर खोलीपर्यंतही आढळला आहे, जेथे कोणताही पाणबुड्या भाला घेऊन जात नाही.

यात लायनफिशच्या अंगच्या गुणांइतकाच वाटा तेथील परिस्थितीचा आहे. पंख पसरून अगदी संथपणे जवळ येणारा हा पट्टेदार जीव म्हणजे शिकारी आहे, हे अटलांटिकमधल्या लहान माशांना ठाऊकच नव्हते. त्यातच हेकरूसारखे मोठे भक्षक मासे कॅरिबियनमध्ये आधीच अतिमासेमारीने विरळ झाले होते. आपल्या समुद्रात त्याचे भक्ष्य, भक्षक, स्पर्धक आणि परजीवी हे सर्व त्याच्याबरोबरच उत्क्रांत झालेले असल्याने तो मोजक्याच संख्येने राहतो. म्हणून एखाद्या जिवाला आक्रमक म्हणण्यापूर्वी तो कोठे आहे, तेथे त्याला रोखणारे कोण आहे आणि ते शाबूत आहेत का, हे तीन प्रश्न मी आधी विचारतो. मालवणात लायनफिश मारणे म्हणजे या साखळीतला चालू असलेला एक दुवा आपल्या हाताने काढणे होय.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना करतो. लायनफिशच्या पाठीवर, पोटाकडच्या परांत आणि गुदपरात मिळून अठरा विषारी काटे असतात. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवावा, कारण हे विष उष्णतेने निष्प्रभ होते, आणि वेदना कमी झाल्या तरी डॉक्टरांकडे जावेच.

आता बेटांकडे वळू. बेटांभोवतीचा उथळ समुद्र मुळात अरुंद असतो. मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर एखादी प्रजाती एका खाडीतून हटली तर शेजारच्या खाडीतून परत येऊ शकते, बेटाला तशी शेजारची खाडी नसते. दूरच्या बेटांवर प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या प्रजातींचे प्रमाण मोठे असते: हवाईच्या प्रवाळभित्तींवरील सुमारे चतुर्थांश मासे फक्त तेथेच सापडतात. तिसरी गोष्ट अशी की बेटावरचे धान्य, इंधन, सिमेंट, पर्यटक सारे काही जहाजाने येते आणि बहुधा एकाच बंदरात उतरते. म्हणजे जिवांची आयात सतत, आणि ती उतरण्याची जागा मात्र चिमुकली.

त्यात माणसाने मुद्दाम केलेल्या आयातीची भर पडते. हवाईत खाण्याजोगे उथळ पाण्यातले मासे वाढावेत म्हणून १९५० च्या दशकात सरकारी पातळीवरून फ्रेंच पॉलिनेशियातले स्नॅपर आणि हेकरूवर्गीय मासे आणून सोडले गेले. निळ्या पट्ट्यांचा स्नॅपर, जो आपल्या हिंदी महासागरात अगदी सामान्य आहे, तेथे अफाट पसरला. बाजारात मात्र त्याला स्थानिक माशांसारखा भाव मिळाला नाही. त्याच काळात आणलेल्या 'रोई' नावाच्या हेकरूच्या मांसात विषबाधेचा धोका आढळल्याने लोक तो खाण्यास कचरतात. अन्नासाठी आणलेला मासा कोणी खात नाही आणि तो मात्र प्रवाळांतले इतर मासे खातो, असा हा व्यवहार झाला.

याहून बोलके उदाहरण खारफुटीचे आहे. हवाईत खारफुटी मुळात नव्हतीच. मोलोकाई बेटावर उघड्या झालेल्या उतारांवरून वाहून येणारा गाळ किनाऱ्यावर अडावा म्हणून १९०२ साली एका साखर कंपनीने फ्लोरिडातून लाल खारफुटी आणून लावली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज तेथे पाणपक्ष्यांच्या उघड्या चिखलाच्या जागा आणि प्राचीन मत्स्यतळ्यांच्या दगडी भिंती त्या झाडांनी गिळल्या असून ती काढून टाकण्याचे काम चालते. आणि आपल्याकडे कांदळवन वाचवण्यासाठी स्वतंत्र कक्ष आहे. दोन्ही कामे योग्य आहेत. कोकणात खेकडे, कोळंबी, माशांची पिल्ले हे सारे जग शेकडो पिढ्यांपासून कांदळवनाभोवती बसलेले आहे, हवाईत तसे कोणीही नव्हते.

बेटांच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की किती परकीय जीव आले आहेत हेच पुष्कळदा माहीत नसते. गालापागोस बेटांभोवतीचा समुद्र जगातल्या सर्वांत जपलेल्या समुद्रांपैकी एक. तेथे केवळ पाचच परकीय सागरी प्रजाती ज्ञात होत्या. जीव चिकटावेत म्हणून जहाजांच्या धक्क्यांखाली पट्ट्या टांगून, खारफुटीची मुळे आणि तरंगते तराफे तपासून जेव्हा शोध घेतला गेला, तेव्हा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत हा आकडा ५३ वर गेला. हे सर्व जीव अचानक आले नव्हते. काही तर आधीपासून नोंदलेले होते, पण स्थानिक समजले गेले होते. याचा अर्थ 'आमच्याकडे परकीय प्रजाती नाहीत' असे कोणी म्हणाले, तर त्यांनी धक्क्याखाली पाहिले आहे का, असे आधी विचारावे.

समुद्रातला बदल समुद्रातूनच येतो असेही नाही. मालदीवच्या दक्षिणेला असलेल्या चागोस द्वीपसमूहात काही बेटांवर जहाजांबरोबर आलेले उंदीर आहेत आणि काहींवर नाहीत. उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्ले खातात; पक्षी गेले की त्यांची विष्ठा जमिनीवर पडत नाही आणि पावसाबरोबर प्रवाळभित्तीपर्यंत पोहोचणारे नत्र थांबते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांभोवती माशांचे एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त भरले. सागरी परिसंस्थेचा अभ्यास करायला निघालेल्या विद्यार्थ्याने बेटावरच्या झाडांत घरटी मोजावीत, असे मी सांगतो तेव्हा काहींना ते विचित्र वाटते; पण कारण हे आहे.

याउलट प्रशांत महासागरातील पाल्मायरा या निर्मनुष्यप्राय प्रवाळबेटावर झाले. १९९१ साली तेथे एक मासेमारी जहाज खडकावर चढून बुडाले. गंजणाऱ्या लोखंडाच्या सान्निध्यात प्रवाळासारखाच दिसणारा एक मऊ जीव इतका माजला की त्याने आजूबाजूचे प्रवाळ झाकून टाकले, आणि हा जीव तेव्हा तरी परकीय समजला जात नव्हता. २०१३ साली जहाजाचा सांगाडा काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. पंचगंगेत सांडपाणी मिसळले की केंदाळ फोफावते आणि केंदाळ कितीही उपसले तरी सांडपाणी असेपर्यंत ते परत येते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. समुद्रातही पुष्कळ वेळा जिवापेक्षा त्याला पोसणारी परिस्थितीच हटवावी लागते. तापमानवाढीने प्रवाळ पांढरे पडून मेले की रिकाम्या खडकावर प्रथम कोण बसणार, ही स्पर्धा सुरू होते, आणि जलद वाढणारे परकीय जीव त्यात पुढे असतात.

आता आपल्या देशातले उदाहरण. मन्नारच्या आखातात एकवीस बेटे असून १९८६ पासून तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. कॅपाफायकस हे मूळचे फिलिपाइन्सकडचे समुद्रशैवाल. त्यापासून कॅरागीनन मिळते, जे आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक पदार्थांत घट्टपणा आणण्यासाठी वापरतात. १९८० च्या दशकात ते संशोधनासाठी भारतात आणले गेले आणि या शतकाच्या सुरुवातीपासून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. लागवड राष्ट्रीय उद्यानापासून दूर ठेवण्याचे बंधन होते. तरीही २००८ साली कुरुसडै बेटाजवळ हे शैवाल जिवंत प्रवाळांवर वाढत असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. लागवडीच्या समर्थकांचा युक्तिवाद असा होता की हे शैवाल आपल्याकडे बीजाणूंनी पसरत नाही. ते पसरले तुकड्यांनी: तराफ्यावरून तुटलेला बोटभर तुकडा लाटेबरोबर वाहत जातो, प्रवाळाच्या फांद्यांत अडकतो आणि वाढू लागतो, जाड चटई तयार झाली की खालच्या प्रवाळाला प्रकाश मिळत नाही. वन विभागाने माणसे लावून ते हाताने उपटले, पण उपटतानाही तुकडे पडतात.

या प्रकरणात मी एका बाजूने बोलणार नाही. किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमार स्त्रियांना या लागवडीतून स्वतःचे उत्पन्न मिळाले, आणि तो लाभ खरा आहे. पण हवाईच्या कानेओहे उपसागरात हेच शैवाल १९७० च्या दशकात आणले गेले होते आणि तेथे ते प्रवाळांवर चढल्याचे आपल्याकडची लागवड सुरू होण्यापूर्वीच ज्ञात होते. हवाईत पुढे पाण्याखाली शैवाल ओढून घेणारे मोठे पंप वापरावे लागले आणि उरलेल्या तुकड्यांवर चरण्यासाठी स्थानिक जातीचे समुद्री साळू, म्हणजे सी अर्चिन, प्रयोगशाळेत वाढवून सोडावे लागले. तो मार्ग परिणामकारक ठरला, पण तो महाग आणि संथ आहे. कोकणातही समुद्रशैवालाच्या लागवडीची चर्चा वाढत असताना, पाण्यात पहिला तराफा सोडण्यापूर्वी जवळच्या प्रवाळांचे सर्वेक्षण आणि स्थानिक जातींची चाचणी व्हावी, एवढी मागणी अवास्तव नाही.

परकीय जीव येण्याच्या इतर वाटांपैकी सर्वांत जास्त चर्चा बॅलास्ट पाण्याची होते. रिकामे जहाज स्थिर राहावे म्हणून एका बंदरात भरलेले पाणी दुसऱ्या बंदरात सोडले जाते आणि त्याबरोबर डिंभक, म्हणजे सागरी जिवांची सूक्ष्म पिल्लेही. याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या जागतिक पथदर्शी प्रकल्पातील सहा बंदरांत मुंबई एक होते. माझ्या मते या वाटेकडे नियामकांचे पुरेसे लक्ष आहे, तुलनेने जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्या जिवांकडे ते कमी आहे, आणि बेटांच्या बाबतीत ही दुसरी वाट अधिक धोक्याची आहे, कारण मासेमारी नौका, यॉट आणि बार्ज यांत बॅलास्टचा प्रश्न नसला तरी तळ सर्वांनाच असतो. सुएझ कालव्याने तर १८६९ साली दोन समुद्रच जोडले. तांबड्या समुद्रातून गेलेल्या शाकाहारी रॅबिटफिशने तुर्की आणि ग्रीक बेटांभोवतीचे शैवाल खडक उघडे पडेपर्यंत चरून टाकले. २००३ साली तुर्कीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा नोंदलेला विषारी फुगा मासा सायप्रसच्या मच्छीमारांची जाळी फाडतो, आणि पाणी तापत गेले तसा लायनफिशही तेथे स्थिरावला. शेवटी प्लॅस्टिक: २०११ च्या त्सुनामीनंतर जपानहून वाहत निघालेल्या धक्के, होड्या आणि पेट्यांवर बसून २८९ जपानी प्रजाती जिवंत स्थितीत हवाई आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागल्या. लाकूड एवढ्या प्रवासात कुजून बुडाले असते.

एकदा पसरलेला सागरी जीव समूळ नष्ट झाल्याची उदाहरणे इतकी थोडी आहेत की ती वेगळी लक्षात राहतात. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा एक लहान शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही. तो आजही आहे. तोच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे सापडला तेव्हा काही आठवड्यांत नाहीसा करण्यात आला. फरक एवढाच होता की डार्विनमधल्या यॉटच्या गोदींना दरवाजे होते. ते बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतता आले. आतले स्थानिक जीवही त्याबरोबर मेले. उघड्या समुद्राला दरवाजा नसतो, म्हणून माझा सर्व भर येण्याच्या वाटा अडवण्यावर आहे. त्याचा अर्थ पसरलेल्या जिवापुढे हात टेकावेत असा नव्हे: कॅरिबियनमध्ये लायनफिश पूर्णपणे न संपवताही ठरावीक प्रवाळखडकांवर त्याची संख्या एका पातळीखाली ठेवली, तर स्थानिक मासे सावरतात असे दिसून आले आहे. मात्र ते काम कायम चालू ठेवावे लागते.

तुमचा तिसरा प्रश्न टाकीचा. संबंध पोहोचतो, आणि तुम्ही समजता त्यापेक्षा थेट पोहोचतो. खाऱ्या पाण्यातला मासा रंकाळ्यात सोडला तर तो मरेल, यात शंका नाही. गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचे तसे नसते, आणि चिलापी, सकर, मांगूर यांनी राज्यातल्या जलाशयांत काय केले आहे हे मच्छीमार सांगतील. खाऱ्या टाकीचा धोका तुम्ही मालवण-तारकर्लीला जाता त्या दिवशी सुरू होतो. 'बिचाऱ्याला त्याच्या घरी सोडू' या भावनेने पाळलेला मासा समुद्रात सोडणे हे अटलांटिकमध्ये जे घडले त्याचेच लहान रूप आहे, कारण दुकानातला मासा इंडोनेशियाचा आहे की कॅरिबियनचा, हे दुकानदारालाही बहुधा माहीत नसते. मासा नको असेल तर दुकानाला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. माशापेक्षाही टाकीतल्या 'जिवंत खडका'कडे, म्हणजे जिवांसकट समुद्रातून आणलेल्या दगडाकडे, लक्ष असू द्या: त्याच्या छिद्रांत समुद्रफुलांची पिल्ले, कृमी आणि कॉलर्पासारखी शैवाले असतात. मोनॅकोच्या किनाऱ्यावर १९८४ साली मत्स्यालयातले कॉलर्पा जेमतेम एक चौरस मीटर जागेत दिसले होते, ते पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर गेले. हेच शैवाल २००० साली कॅलिफोर्नियात सापडताच ताडपत्रीखाली झाकून क्लोरीनने मारले गेले. तेथील पाणी मुक्त घोषित व्हायला २००६ साल उजाडले आणि खर्च सत्तर लाख डॉलरांहून अधिक झाला. टाकी मोडताना खडक आणि वाळू गच्चीवर उन्हात पूर्ण कोरडे होईपर्यंत, किमान काही आठवडे, पसरून ठेवा, शैवाल फ्रीझरमध्ये गोठवून कचऱ्यात टाका, आणि यातले काहीही गाडीत घालून समुद्राकडे नेऊ नका. डायव्हिंगचा स्वतःचा सूट आणि बूट असतील तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना ते गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत.

मालवणात पुन्हा गेलात तर तुमच्या हातून होण्यासारखे खरे उपयुक्त काम नोंदीचे आहे. किल्ल्याभोवतीच्या आणि पद्मगडालगतच्या खडकांची छायाचित्रे एकाच जागेवरून, दरवर्षी, तारीख, खोली आणि पाण्याच्या तापमानासह घेत राहिलात, तर काही वर्षांनी कोणाला तरी 'हे नवीन आहे' असे खात्रीने म्हणता येईल. आज तसे म्हणण्यासाठी जुन्या नोंदीच पुरेशा नाहीत. नवीन दिसले म्हणजे नवीन आले असे नसते. तारलीसारखे मासे पाणी तापत गेल्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडे सरकल्याचे दिसले आहे, आणि त्यांना परकीय म्हणता येत नाही. काही वेगळे आढळल्यास वर्तमानपत्राला कळवण्यापूर्वी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील त्या गटाच्या तज्ज्ञाला छायाचित्र दाखवा. प्रवाळ किंवा समुद्रपंख्याचा तुकडा मात्र नमुना म्हणून तोडू नका, ते कायद्याने संरक्षित आहेत. तुम्ही पाहिलेल्या लायनफिशचेही छायाचित्र पाठवा. ते काढलेले असेल तर शेपटी आणि मागच्या मऊ परांचा भाग मोठा करून पाहा: तेथे ठिपके अजिबात नसतील तर तो आपल्या किनाऱ्यावरचा रसेलचा लायनफिश असण्याची शक्यता अधिक, आणि ठिपके असतील तर तो अटलांटिकमध्ये गेलेल्या दोन प्रजातींपैकी एकाचा इकडचा, मूळ घरातला भाऊबंद असू शकेल.